आणखी काय घेता?

मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे, त्याला यंदा २४ वर्षं झाली. डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेतली की मी हमखास विचारते, "याशिवाय आणखी काय घेता?" उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही ताई." मग मी विचारते, "सकाळी उठल्या उठल्या काय घेता?" तेव्हा कुठे एकेक बरणी बाहेर येते. गुळवेलीचा काढा, कारल्याचा रस, कुणाच्या तरी जावयाने पाठवलेल्या हळदीच्या कॅप्सूल. "पण ते काय औषध नव्हे," हेही लगेच ऐकायला मिळतं.

गेल्या अंकात मी वाचकांना या बरण्यांबद्दलच लिहायला सांगितलं होतं. आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत, नावं वगळून. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. रोगाचं निदान करणं माझं काम नाही. पण पोटात गेलेल्या दोन वस्तू एकमेकींशी कशा वागतात, हे मी शिकले आहे आणि रोज काउंटरवर बघते आहे.

"गेली १८ वर्षं कीर्तन करतो. आवाजासाठी ज्येष्ठमधाची काडी कायम तोंडात असते, चातुर्मासात तर दिवसाला तीन-चार काड्या होतात. दोन वर्षांपूर्वी बीपी निघालं. एका गोळीच्या दोन झाल्या, तरी वरचा आकडा १६०च्या खाली येत नाही. रात्री पायांत गोळे येतात. ज्येष्ठमधाने असं होतं का, असं घरच्यांनी विचारायला सांगितलंय." (बार्शी)

महाराज, घरच्यांनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. होतं, असं होऊ शकतं.

ज्येष्ठमधाला जी गोडी आहे ती ग्लिसरायझिन नावाच्या द्रव्याची. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सतत तयार होत असतं. मूत्रपिंडात एक एन्झाइम त्याला निकामी करत असतं, म्हणून त्याचा मिठा-पाण्याच्या हिशोबावर परिणाम होत नाही. ग्लिसरायझिन नेमकं या एन्झाइमला अडवतं. मग शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. मीठ-पाणी साठलं की बीपी चढतं, पोटॅशियम उतरलं की पायांत गोळे येतात. तुमच्या पत्रात दोन्ही गोष्टी आहेत.

किती खाल्लं म्हणजे जास्त? युरोपात दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिनची मर्यादा सांगतात. ज्येष्ठमधाच्या मुळीत त्याचं प्रमाण सगळीकडे सारखं नसतं. ३-४ टक्के धरलं तरी ५ ग्रॅमच्या एका काडीत १५० ते २०० मिलिग्रॅम भरतं. चघळून सगळं उतरत नाही हे खरं, पण तुमच्या तीन-चार काड्या होतात. स्वीडनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना दोन आठवडे रोज फक्त १०० मिलिग्रॅम दिलं होतं. तेवढ्यानेही त्यांचा रक्तदाब थोडा चढला.

तेव्हा काडी आजपासून बंद करा. बीपीच्या गोळ्या मात्र चालूच ठेवा, त्यातली एकही स्वतःहून कमी करू नका. डॉक्टरांना जाऊन सांगा, "१८ वर्षं ज्येष्ठमध खातोय, माझं पोटॅशियम तपासा." हे या आठवड्यातच करा, कारण पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. तुमच्या दोन गोळ्यांतली एखादी लघवीवाटे पाणी उतरवणारी असेल तर तीही पोटॅशियम घालवते. काडी सोडल्यावर परिणाम ओसरायला दोन आठवडेही लागू शकतात, म्हणून दोन दिवसांनी बीपी मोजून निराश होऊ नका. आणि खोकल्याचं आयुर्वेदिक सिरप घेताना बाटलीवर "यष्टिमधु" लिहिलंय का बघा. ते ज्येष्ठमधच.

ज्याला बीपी नाही, हृदयाचं-मूत्रपिंडाचं काही नाही, त्याने घसा बसला म्हणून चार दिवस काडी चघळली तर मी त्याला अडवणार नाही. घशाला खरंच आराम मिळतो. तुमच्या आवाजासाठी मात्र वाफ, कोमट पाण्याचे घोट आणि दोन कीर्तनांमध्ये घशाला विश्रांती, हेच चालेल.

"मिस्टरांना २० वर्षांपासून फिट्सची गोळी (फेनिटॉइन) चालू आहे. गुडघ्यासाठी भावाने काळी मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल दिल्या. गुडघ्याला बरं वाटतंय. पण पंधरा दिवसांपासून चालताना त्यांचा तोल जातो, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसतं. हळद तर आपण रोज खातो ना?" (सोलापूर)

ताई, कॅप्सूल आजच थांबवा आणि मिस्टरांना घेऊन त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. फेनिटॉइनची रक्तातली पातळी तपासायला सांगा. फिट्सची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका. तोल जाणं, दोन-दोन दिसणं ही फेनिटॉइन जास्त झाल्याची ओळखीची लक्षणं आहेत.

गोळी तर तेवढीच आहे, मग ती जास्त कशी झाली? मिरीमुळे. मी सांगलीच्या हळदपेठेपासून आठ-दहा किलोमीटरवर राहते. हरिपूरच्या पेवांत साठवलेली हळद बघत लहानाची मोठी झाले, तेव्हा हळदीविरुद्ध बोलायला मला मुळीच आवडत नाही. पण भाजीतली हळद आणि ही कॅप्सूल यांत फार अंतर आहे. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. एक सपाट चमचा, म्हणजे ३ ग्रॅम हळद पोटात गेली तर ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन, आणि त्यातलंही रक्तात जवळजवळ काहीच पोचत नाही. कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, तोही ९५ टक्के कर्क्युमिनचा. आणि ते रक्तात पोचावं म्हणून त्यात मिरीतलं पिपरीन घातलेलं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं तर माणसाच्या रक्तात ते कित्येक पटींनी जास्त चढतं. तेव्हापासून जगभर कॅप्सूलमध्ये मिरी आली.

मिरीला काय कळणार, की फक्त कर्क्युमिनलाच आत सोडायचं? आतडं आणि यकृत औषधांना जिथे अडवतात ते दारच ती उघडं ठेवते. हे आपल्याच देशात किती गंभीरपणे वापरलं गेलंय ते सांगते. टीबीच्या रिफाम्पिसिनचा नेहमीचा डोस ४५० मिलिग्रॅम. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेच्या संशोधनावरून त्यात १० मिलिग्रॅम पिपरीन घालून एक गोळी तयार झाली आणि २०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिनवर काम भागलं. २००९ साली ती बाजारातही आली. मिरीच्या अर्कामुळे औषधाचा डोस निम्म्याहून खाली आणता येतो, तर न सांगता घेतलेली मिरी तुमच्या मिस्टरांची फिट्सची गोळी वाढवणारच. फेनिटॉइनबाबत तर हे माणसांवरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे.

गुडघ्याला बरं वाटलं हेही खरं असेल. गुडघ्याच्या दुखण्यात कर्क्युमिनचा थोडा उपयोग होतो असे बरे अभ्यास आहेत. पण फिट्सची, रक्त पातळ करणारी किंवा अवयव बदलल्यावरची औषधं चालू असतील त्यांनी या कॅप्सूलच्या वाटेला जाऊ नये. यकृताचा आजार असलेल्यांनीही नको. इटलीत २०१९ साली हळदीच्या अशा उत्पादनांमुळे यकृताला सूज आल्याची वीसेक प्रकरणं पुढे आली आणि २०२२ साली तिथल्या सरकारने डब्यांवर इशारा छापणं सक्तीचं केलं. आमटीतली हळद नेहमीसारखी चालू द्या.

"कोरोनापासून आमच्या घरी सगळेच गुळवेलीचा काढा घेतो. वेल दारातल्या कडुनिंबावरचीच आहे. मला थायरॉईड आहे (हाशिमोटो सांगितलंय). हल्ली खूप थकवा येतो, जेवण नकोसं वाटतं. काढा वाढवू का?" (नाशिक)

वाढवू नका, बंद करा. आणि उद्याच यकृताची तपासणी करून घ्या. 'एलएफटी' म्हणतात तिला, साध्या रक्तातून होते. लघवी गडद पिवळी होतेय का, अंगाला खाज सुटते का, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसतो का, हे आजच उजेडात बघा. यातलं एक जरी असलं तर उद्याची वाट बघू नका.

मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत गुळवेल घेणारे सहा कावीळग्रस्त रुग्ण पाहिले आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध केलं. २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली. त्यांनी सरासरी दीड महिना गुळवेल घेतली होती. बऱ्याच जणांच्या यकृतावर शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केल्यासारखं चित्र दिसत होतं. ज्यांना आधीच हाशिमोटोसारखा आजार आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉईडवर उलटलेली आहे, त्यांना हा धोका जास्त. तुम्ही नेमक्या त्यांच्यात बसता. 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' हे शब्द तुमच्यासाठी चांगले नाहीत, ताई. तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही, ती वाट चुकलेली आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गुळवेलीचा आणि यकृताच्या इजेचा संबंध जोडणं दिशाभूल करणारं आहे, असं आयुष मंत्रालयाने २०२२ च्या फेब्रुवारीत म्हटलं. तिच्याचसारखी दिसणारी दुसरी जात लोक चुकून घेतात, असंही सांगितलं गेलं. तसं काही वेळा होत असेलही. पण त्या ४३ जणांच्या अभ्यासात जिथे नमुने मिळाले तिथे ती गुळवेलच असल्याचं तपासलं गेलं होतं. माझं मत स्पष्ट आहे. वैद्यांनी नाडी बघून, ठरावीक दिवस, ठरावीक मात्रेत गुळवेल देणं हा एक उपचार आहे. अख्ख्या घराने चार-पाच वर्षं चहासारखा काढा पिणं हा उपचार कुठल्याच शास्त्रात सांगितलेला नाही, आयुर्वेदातही नाही. घरातल्या बाकीच्यांचाही काढा थांबवा.

"वडील ७१ वर्षांचे. बाजारात पाल टाकून बसणाऱ्या एकाकडून सांधेदुखीची पुडी आणतात. दोन दिवसांत गुण आला, आठ महिने चालू होती. आता चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसतो, भूक फार वाढलीय, अंगावर नुसता हात लागला तरी काळे-निळे डाग पडतात आणि परवा शुगर निघाली. तुमचं सदर वाचून आम्ही पुडी लगेच बंद केली. बरोबर केलं ना?" (माण तालुका)

हे पत्र वाचल्यावर मी संपादकांकडून तुमचा नंबर घेतला आणि तुम्हाला फोन केला. बाबा आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहेत, म्हणून इथे सगळ्यांसाठी लिहिते.

अशी पुडी एका दिवसात बंद करायची नसते. सांध्यांचं जुनं दुखणं जडीबुटीने दोन दिवसांत थांबत नाही. दोन दिवसांत थांबलं, आणि चेहरा गोल झाला, भूक वाढली, शुगर चढली, कातडी पातळ झाली, तर त्या पुडीत स्टेरॉइड आहे असंच धरून चालायचं. डेक्सामेथासोनच्या स्वस्त गोळ्या कुटून चूर्णात मिसळलेल्या असतात, कधी जोडीला डायक्लोफिनॅक हे वेदनाशामकही. आपल्या मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे वर सांगितलेलं कॉर्टिसॉल, बनवतात. बाहेरून महिनोन्‌महिने आयतं मिळालं की त्या काम सोडून देतात. अचानक बाहेरचं बंद केलं की शरीरात काहीच उरत नाही. उलट्या होतात, माणूस गळून जातो, बीपी कोसळतं, शुद्धही जाते. म्हणून उरलेली पुडी घेऊन थेट फिजिशियनकडे जायचं. ते ओळखीचं स्टेरॉइड मोजून देतात आणि काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, हळूहळू उतरवतात.

हे मी पुस्तकातून शिकले होते, तरी मला ते माझ्या आईच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

आई विट्याजवळच्या आमच्या गावी एकटी राहायची. गुडघे धरलेले. मी पाठवलेल्या गोळ्या तिने उशाखाली तशाच ठेवल्या होत्या, कारण त्यांनी पोटात आग होते म्हणायची. मग कुणीतरी तिला आठवडी बाजारातली पुडी दिली. फोनवर आनंदाने सांगायला लागली, "आता विहिरीपर्यंत चालत जाऊन येते बघ." मला इतकं बरं वाटलं! दिवाळीला गेले तर तिचा चेहरा भरलेला, गाल गोल. मी म्हणाले, "आई, तब्येत सुधारली गं तुझी." ती नुसती हसली.

माघात ती अंगणात घसरून पडली, साधंच पडणं, आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनआधीच्या तपासणीत साखर ३१०. सर्जननी विचारलं, "यांना स्टेरॉइड चालू आहे का?" मी ठामपणे नाही म्हणाले. मी फार्मासिस्ट आहे, माझ्या आईला काय चालू आहे ते मला माहीत असणारच, असं मला वाटत होतं. त्यांनी तरीही रक्तातलं कॉर्टिसॉल तपासलं. ते जवळजवळ नव्हतंच. रात्री मावशीने घरी जाऊन आईची पत्र्याची पेटी उघडली. त्यात वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या ४० पुड्या निघाल्या.

आई त्यातून उठली, पण काठीशिवाय पुन्हा चालली नाही. मी तिला विचारलं होतं, "मला का नाही सांगितलंस?" म्हणाली, "तू रागावली असतीस." रागावले असते, हे खरं आहे. म्हणून हे वाचणाऱ्या सगळ्या मुला-मुलींना, सुनांना सांगते, म्हाताऱ्या माणसांची पेटी बघा, पण रागावू नका. दुखत असतं म्हणून ती पुडी घेतात. आधी दुखण्याचं काहीतरी करा, मग पुडीबद्दल बोला.

"वजन कमी करायला ऑनलाइन गार्सिनियाच्या कॅप्सूल मागवल्यात. आमच्या वाडीत कोकम सोलणं पिढ्यान्‌पिढ्या चालतं, मग हे कोकमच ना?" (रत्नागिरी)

कोकमाची चुलत बहीण. आपलं कोकम गार्सिनिया इंडिका, कॅप्सूलमधलं केरळात माशाच्या कालवणात घालतात ते कुडमपुळी. दोघांच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आहे. फरक अर्काचा आहे. सोलकढीच्या वाटीत चार आमसुलं असतात, कॅप्सूलमध्ये त्या सालीतलं एकच द्रव्य काढून दाटलेलं असतं, रोजचं, महिनोन्‌महिने. वजनावर त्याचा परिणाम नगण्य दिसलाय. यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणं मात्र आहेत, काही जणांचं यकृत बदलावं लागलं. शिवाय वजन उतरवणाऱ्या 'हर्बल' कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन सापडल्याचं जगभर वारंवार उघड झालंय. हृदयाला धोका म्हणून आपल्याकडे २०११ सालीच बंद केलेलं हे औषध आहे. पार्सल परत करा. सोलकढी प्या.

"शुगरसाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. बागेबाहेर सकाळी कारलं-जांभूळ-दुधी असा एकत्र रस मिळतो, तो महिनाभर घेतोय. शुगर छान उतरलीय. पण पहाटे घाम फुटून जाग येते." (लातूर)

काका, तो घाम म्हणजे साखर फार खाली गेल्याची खूण असू शकते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. कारल्यातही साखर उतरवणारी द्रव्यं आहेत, त्यांचा जोर कमी, पण एकावर एक चढले की बेरीज होते. आज रात्री उशाशी ग्लुकोमीटर आणि खडीसाखर ठेवा. घाम आला की मोजा. ७०च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी परत मोजा आणि सकाळी डॉक्टरांना आकडे दाखवा. कारल्याची भाजी खा, तिला हरकत नाही.

पण तुमच्या पत्रात मला जास्त भीती वाटली ती दुधीची. दुधी, काकडी, दोडका यांच्यात कधीकधी क्युकरबिटासिन नावाची कडू विषं वाढतात. असा कडू दुधी पोटात गेला तर तासाभरात पोटात कळा, उलट्या, रक्ताची उलटी, बीपी कोसळणं असं होतं आणि आपल्या देशात माणसं दगावलीसुद्धा आहेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीने यावर स्पष्ट सूचना दिल्या: दुधी कापल्यावर तुकडा चाखून बघा, कडू लागला तर टाकून द्या, त्याचा रस दुसऱ्या कुठल्याही रसात मिसळू नका. या शेवटच्या सूचनेचं कारण तुमच्या पेल्यातच आहे. कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा कळणार कसा? रसवाल्यालाही कळत नसतो. तो रस बंद करा, आणि कधी असा रस पिऊन उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपाय न करता सरळ इस्पितळ गाठा.

"मी कोपनहेगनला असते. कामाच्या ताणाने झोप उडालीय. आई पुढच्या महिन्यात येतेय, तिला अश्वगंधा आणायला सांगू का? इथे मिळत नाही. बाळाचाही विचार चालू आहे." (डेन्मार्क)

तिथे मिळत नाही कारण डेन्मार्कने २०२३ साली अश्वगंधेवर बंदी घातली. थायरॉईड आणि लैंगिक संप्रेरकांवरचा परिणाम आणि गर्भपाताचा धोका ही कारणं दिली होती. मला ती बंदी थोडी जास्त कडक वाटते. अश्वगंधेच्या मुळाने ताण कमी होतो, झोप सुधारते, असं दोन-तीन महिन्यांच्या छोट्या अभ्यासांत दिसलंय, आणि माझ्या गिऱ्हाइकांपैकी काहींना ती लागूही पडलीय. पण तुझ्यासाठी उत्तर सरळ 'नाही' असं आहे, कारण शेवटची ओळ. बाळाचा विचार चालू असताना ती घ्यायची नाही, आई घेऊन आली तरीसुद्धा.

बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. मूळच घ्यावं, पानांचा अर्क नको. २०२१ साली आयुष मंत्रालयानेही पानांबाबत सूचना काढली होती. आणि थायरॉईड जास्त असलेल्यांनी, झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, यकृताचं दुखणं असलेल्यांनी ती टाळावी. तुझ्या आईला म्हणावं, बॅगेत मेतकूट आण, भाजणी आण. आई आली की निम्मी झोप तशीही परत येईल.

"डब्यावर आयुर्वेदिक लिहिलंय, लायसन्स नंबर आहे, म्हणजे सरकारने तपासलेलंच ना?" (जळगाव)

लायसन्स आहे म्हणजे कारखाना आणि बनवण्याची रीत मान्य आहे. ग्रंथात सांगितलेल्या पाठाचं औषध असेल तर ते सुरक्षित आणि गुणकारी आहे का, याचा नव्याने अभ्यास मागितला जात नाही. डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर असेल तर ते औषधच नव्हे, कायद्याने ते खाद्य आहे. 'औषधी वापरासाठी नाही' असं त्यावर छापावं लागतं. बारीक अक्षरात असतं, भिंग घेऊन शोधा, सापडेल. भस्म, रसकल्प असं धातूंपासून, पाऱ्यापासून बनवलेलं काही असेल तर वैद्यांशिवाय घेऊच नका. २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. आणि कुठल्याही औषधाने, काढ्यानेसुद्धा, त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी हेल्पलाइनवर नोंदवता येतो, फोन फुकट आहे. मी आतापर्यंत नऊ वेळा केलाय.

"वय ७८. इसबगोल रोज घेते. सून म्हणते सवय लागेल. बंद करू का?" (वाई)

आजी, बंद करू नका. एवढी पत्रं आली, त्यात मला मनापासून 'घ्या' म्हणावंसं वाटलेली ही एकच बरणी. इसबगोल आतड्याला डिवचत नाही, नुसतं पाणी धरून फुगतं आणि मल मऊ करतं. कोलेस्टेरॉलही जरा उतरवतं. सवय लागते ती सोनामुखीच्या चूर्णाची, ते बरणीत असेल तर सूनबाई म्हणतात ते खरं. इसबगोल भांडंभर पाण्यातून घ्या, कोरडं कधीच गिळू नका, घशात अडकतं. लगेच आडवं होऊ नका. आणि तुम्ही लिहिलंय की थायरॉईडची गोळी इसबगोलाबरोबरच घेता, तेवढं बदला. ते गोळीलाही आपल्यात धरून ठेवतं. गोळी सकाळी उपाशीपोटी, इसबगोल रात्रीच्या जेवणानंतर.